सरावाचा प्रवासी

दुपारी दोन ते चार या वेळात समोरच्या इमारतीतून विमानं सुटायची. विमानं म्हणजे नुसत्या घोषणा. फरशांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, विमानतळावरच्या कामाचं प्रशिक्षण देणारी एक संस्था होती. ‘आकाशाला गवसणी घाला’ असं तिच्या पाटीवर लिहिलेलं. शिकवायचे ते मात्र सगळं जमिनीवरचं काम. काउंटरवर तिकीट तपासणं, सामानाचं वजन करणं, चाकाची खुर्ची ढकलणं आणि विमान चुकलेल्या माणसाची बोलणी खाणं. तिथली मुलंमुली आळीपाळीने माइक धरून ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं’ असं म्हणायची, आणि रस्त्याच्या अलीकडच्या इमारतीतले, नुकतेच निवृत्त झालेले एक कारकून वामकुक्षी सोडून लक्ष द्यायचे. दुसरा इलाजच नव्हता.

हे कारकून पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं तक्रारींच्या खिडकीत बसले होते. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, शेजाऱ्याला येतं मग मला का नाही, हे सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं होतं. ‘लिहून द्या’, ‘बघतो’ आणि ‘साहेबांच्या कानावर घालतो’ या तीन वाक्यांवर त्यांची अख्खी नोकरी झाली. आवाज म्हणून कधी चढवला नाही. यांच्या डोक्यावर बर्फाची लादी ठेवलेली आहे, असं खात्यात म्हणायचे. घरीही तेच. बायको बोलायची, हे ऐकायचे. ती म्हणायची, “भिंतीशी बोललं तर निदान आवाज परत तरी येतो.”

घोषणांचा त्रास महिनाभर सोसल्यावर तिनेच त्यांना उठवलं. “जा आणि सांगा त्यांना, दुपारचं जरा हळू बोला म्हणावं. एवढ्या लोकांच्या तक्रारी ऐकल्यात, आता एक स्वतःची करून या.”

कारकून गेले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं, जिन्यात ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि दार ढकललं तर आत वर्ग चालू होता. प्लायवूडचा काउंटर, भंगारातून आणलेला वजनकाटा, विमानातल्यासारख्या ओळीत मांडलेल्या खुर्च्या. पंधरा-सोळा मुलंमुली गळ्यात एकसारखे रुमाल बांधून बसलेली. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. अकरा वर्षं खऱ्या काउंटरवर उभं राहून गुडघे गेले, म्हणून आता बसून शिकवत होत्या.

“मला जरा एक तक्रार...” कारकून म्हणाले.

“वा, अगदी वेळेवर आलात,” मॅडम म्हणाल्या. “मुलांनो, हे खरे गृहस्थ, ही खरी तक्रार. कोण घेतंय?”

एक उंच मुलगा काउंटरमागे जाऊन उभा राहिला आणि दात दाखवून म्हणाला, “बोला सर, मी आपली काय सेवा करू शकतो?”

कारकुनांनी घोषणांचं सांगितलं. मुलगा म्हणाला, “लिहून द्या सर. वरिष्ठांच्या कानावर घालतो.”

आता हे वाक्य कारकुनांनी आयुष्यात हजारो वेळा म्हटलं होतं, पण त्यांना ते कुणी ऐकवलं नव्हतं. ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं, की यात किती राग येण्यासारखं आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे एक बाई आली. दर सोमवारी रिकामी बादली घेऊन यायची आणि ती बादली खिडकीच्या फळीवर आपटायची. त्या बाईचा शब्दन् शब्द कारकुनांना पाठ होता. आणि तो आता त्यांच्याच तोंडून बाहेर पडायला लागला.

“कुणाच्या कानावर घालता? त्या कानांत बोळे आहेत का? मी सकाळपासून इथे उभा आहे आणि मला एक माणूस नीट उत्तर देईल तर शपथ! तुम्ही इथे खुर्च्या उबवायला बसलाय की काम करायला?”

उंच मुलाचे दात आत गेले. कारकून स्वतःच इतके दचकले, की “माफ करा हं” म्हणून परत फिरले.

मॅडम गुडघा धरत उठल्या आणि त्यांना दाराशी गाठलं. “थांबा, थांबा. आमची मुलं एकमेकांवर ओरडतात, पण ते लुटुपुटूचं असतं. मध्येच खुदकन हसतात. तुमच्यासारखं ओरडणारं माणूस मिळत नाही हो. उद्या याल का?”

घरी बायकोने विचारलं, “काय म्हणाले?”

“त्यांनी मला बोलावलंय,” कारकून म्हणाले. “तक्रारी या विषयावर.”

यात खोटं काहीच नव्हतं. बायकोने संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगितलं, की हे आता कॉलेजात शिकवायला जातात.

अशा रीतीने कारकून सरावाचे प्रवासी झाले. आठवड्यातून तीन दिवस, दोन ते चार. मुलं त्यांना तक्रारकाका म्हणायला लागली. त्यांच्याकडे माल भरपूर होता. एक वकील होते, ते कधी ओरडत नसत, नुसतं “तुमचं नाव काय म्हणालात?” असं पुन्हा पुन्हा विचारत. एक म्हातारा होता, तो अर्धा तास आपल्या दिवंगत भावाबद्दल बोलायचा आणि शेवटी कळायचं, की त्याचं बिल चुकलंय. ‘तुम्ही मला ओळखत नाही’वाले तर पैशाला पासरी. एकतीस वर्षं ही सगळी माणसं कारकुनांच्या पोटात मुकाट बसून होती. आता त्यांना एकेक करून वाट मिळाली. कारकुनांना भूक लागायला लागली. दुपारची झोप गेली ती गेलीच, पण रात्रीची सुधारली. बायको म्हणाली, “शिकवणं मानवलंय तुम्हाला.”

मॅडमचे नियम थोडे होते. आधी ऐकायचं. मग प्रवाशाचं म्हणणं आपल्या शब्दांत त्यालाच सांगायचं. मग काय करता येईल ते सांगायचं, काय येणार नाही ते नंतर. आणि माफी एकदाच मागायची. “दोनदा मागितली की त्याला वाटतं, चूक तुमचीच. तिसऱ्यांदा मागितली की तुम्हालाही तसंच वाटायला लागतं.”

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे पुटपुटी म्हणायचे. बाप कपड्यांना इस्त्री करायचा, आणि मुलगीही तशीच, घडी न मोडलेली. कुठल्या विमानात किती किलो सामान चालतं, तिकिटावर कुठल्या शहराची तीन अक्षरं कोणती, कुठली वस्तू बॅगेत चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ. परीक्षेत अर्धा वर्ग तिच्या वहीवर तरायचा. पण समोर कुणी आवाज चढवला, की तिचे कान लाल व्हायचे आणि तोंडातून ‘सॉरी’शिवाय काही निघायचं नाही. तेही इतकं हळू, की ओरडणाऱ्याला ‘काय?’ म्हणून आणखी ओरडावं लागायचं.

“सात,” एकदा मॅडम म्हणाल्या. “सात वेळा सॉरी म्हणालीस. काकांचं विमान तू पाडलंस का?”

वर्ग हसला. पुटपुटी म्हणाली, “सॉरी मॅडम.”

शेवटची परीक्षा कारकुनांवरच होती. प्रत्येकाला पाच मिनिटं. विषय एकच: विमानाकडे जायचं दार बदलल्याचं न कळल्यामुळे विमान चुकलेला प्रवासी. उंच मुलाला कारकुनांनी वकील दाखवला, आणखी एकीला ‘तुम्ही मला ओळखत नाही’ दाखवला. दोघंही निभावून गेले. मग पुटपुटी आली. तिने काउंटरच्या कडेला दोन्ही हात घट्ट धरले होते, तरी काउंटर थरथरत होता. प्लायवूडच ते. कारकुनांनी बादलीवाल्या बाईसाठी श्वास भरून घेतला, आणि त्यांना आपला खिडकीतला पहिला महिना आठवला. घरी जाऊन न्हाणीघरात नळ सोडून बसायचे ते. भरलेला श्वास त्यांनी तसाच सोडून दिला.

“माझं विमान चुकलं बाळ,” ते म्हणाले. “चूक माझीच आहे म्हणा. आता काय करायचं सांगतेस का?”

पुटपुटीने सगळं सांगितलं. बिनचूक, क्रमाने, ऐकू येईल अशा आवाजात. शेवटी कारकून म्हणाले, “होतं असं कधी कधी.” ती पहिली आली.

सगळे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “काका, आज पोट बिघडलं होतं का तुमचं?”

“पोरगी हुशार आहे हो.”

“हुशार आहे म्हणूनच म्हणतेय.” पण त्यांनी गुण बदलले नाहीत. संस्थेच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ असं छापलेलं होतं, आणि नव्व्याण्णव छापायला जाहिरातीत जागा नव्हती.

पुटपुटी विमानतळावर लागली. तिच्या बापाने इस्त्रीच्या टेबलामागे तिचा गणवेशातला फोटो लावला. कारकुनांनी तो येता-जाता पाहिला आणि आपण एक चांगलं काम केलं असं त्यांना वाटलं. हे वाटणं तीन आठवडे टिकलं.

एका संध्याकाळी ती त्यांना संस्थेच्या जिन्यात भेटली. गणवेशातच होती, डोळे सुजलेले. तिने काहीतरी सांगितलं.

“काय?” कारकून म्हणाले. “मोठ्याने बोल.”

त्यामुळे तिला ते दोनदा म्हणावं लागलं. “काका, तुम्ही माझं वाटोळं केलंत.”

कारकून पायरीवर बसले. तीही दोन पायऱ्या सोडून बसली आणि सांगायला लागली. “पहिल्याच दिवशी एक माणूस ओरडला. मी गप्प उभी राहिले. मला वाटलं, आता हा ‘होतं असं कधी कधी’ म्हणेल. सात मिनिटं वाट बघितली काका. नाही म्हणाला. त्याने माझी तक्रार केली. नंतर आणखी एकाने केली. आता मला मागे बसवलंय, बॅगांना पट्ट्या चिकटवायला. चाचणीचे तीन महिने पूर्ण व्हायच्या आत तिसरी तक्रार आली, की घरी.”

एकतीस वर्षांत कारकुनांनी ऐकलेल्या सगळ्या तक्रारी पाणीपुरवठा खात्याच्या होत्या. ही पहिली त्यांची स्वतःची. आणि ‘साहेबांच्या कानावर घालतो’ म्हणायला वर साहेब नव्हता.

“रोज संध्याकाळी येत जा,” ते म्हणाले. “आता दयामाया नाही.”

मॅडमनी वर्गाची किल्ली दिली. पंधरा दिवस रिकाम्या वर्गात कारकून पुटपुटीवर ओरडत होते. बादलीवाली बाई, वकील, म्हातारा, सगळे झाले. विमान उशिरा, विमान रद्द, बॅग हरवली, जेवण नाही, म्हाताऱ्या माणसांनी बसायचं कुठे? पहिल्या दिवशी ती रडली, चौथ्या दिवशी रडली नाही, आठव्या दिवशी तिने त्यांना मध्येच थांबवून म्हटलं, “सर, तुमचं म्हणणं मला कळलं. आता मी सांगते ते ऐका.” पंधराव्या दिवशी तिने माफी एकदाच मागितली, तीसुद्धा मान वर करून.

“झालं की!” कारकून म्हणाले.

“तुमच्याशी जमतं काका,” ती म्हणाली. “तुम्ही तुम्हीच आहात हे मला माहीत असतं ना. लोकांचं काही सांगता येत नाही.”

कारकुनांनी वर्गाला कुलूप लावलं.

त्याच सुमाराला कारकुनांच्या मुलीला, दूरच्या शहरात, मुलगी झाली. जावयाने दोघांची विमानाची तिकिटं पाठवली. दोघांनीही तोवर विमान पाहिलं होतं ते मान वर करूनच. पण कारकून आता जाणकार होते. आठवडाभर त्यांनी बायकोला धडे दिले. “कात्री बॅगेत ठेवायची नाही. पाण्याची बाटली आधी रिकामी करायची. ओळखपत्र हातात. दार ऐनवेळी बदलतात, म्हणून विमानांच्या वेळांच्या फळ्यावर नजर ठेवायची.” बायको सगळं ऐकून घेत होती आणि मनातून खूश होती. आपल्या नवऱ्याला एखादी गोष्ट इतकी नीट येते, हे तिला नवीन होतं.

विमान सकाळी दहाचं होतं. दोघं सातला पोहोचले. सव्वानऊला फळ्यावर अकरा वाजले, पावणेअकराला साडेअकरा, आणि साडेअकराला फळ्यावरची ती ओळच नाहीशी झाली. विमानात बिघाड होता. काउंटरवर दोघंजण होते. वयाने मोठा होता तो “मी आत विचारून येतो” म्हणून गेला आणि आत विचारतच राहिला. माणूस कमी पडल्यामुळे मागून पट्ट्या चिकटवणाऱ्या मुलीला पुढे आणून उभं केलं होतं. पुटपुटी एकटी राहिली.

पन्नाससाठ माणसं काउंटरला भिडली. सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे कुणाचंच ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही म्हणून सगळे आणखी मोठ्याने बोलत होते. एका चकचकीत बूटवाल्याने मोबाइल उंच धरून तिचं चित्रीकरण चालू केलं. “बघा, बघा, ही कंपनी! उत्तर द्यायला कोणी नाही. ही बाई नुसती उभी आहे!” पुटपुटीच्या हातात एक कागद होता. त्यावर पुढचं सगळं लिहिलेलं होतं, हे कारकुनांना मागूनच कळलं, कारण ती पुन्हा पुन्हा कागद उचलत होती, तोंड उघडत होती आणि मिटत होती. तिचे ओठ त्यांना वाचता येत होते. सॉरी. सॉरी. चार झाले. पाच.

“बिचारी पोर,” बायको म्हणाली. “कोणीतरी बोलू द्या तिला.”

कारकुनांनी चष्मा काढला आणि बायकोच्या हातात दिला. “जरा धर.”

“अहो, कुठे निघालात? चष्म्याशिवाय दिसणार काय तुम्हाला?”

चष्मा नसला म्हणजे समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि तोंड दिसलं नाही की ओरडायला बरं पडतं, हे त्यांना वर्गात कळलेलं होतं. ते गर्दीत घुसले, कोपराने वाट काढत काउंटरपाशी पोहोचले, आणि त्यांनी फळीवर असा हात आपटला की पुढची चार माणसं मागे सरकली.

“मी सकाळपासून इथे उभा आहे आणि मला एक माणूस नीट उत्तर देईल तर शपथ!”

माणसाला गर्दीत आपल्यापेक्षा मोठ्याने ओरडणारा भेटला, की तो आपलं काम त्याच्यावर सोपवून मोकळा होतो. सगळे गप्प झाले. पुटपुटीने वर पाहिलं. चष्म्याशिवायच्या कारकुनांना तिचा चेहरा म्हणजे नुसता एक फिकट ठिपका दिसत होता. मग आवाज आला. स्पष्ट आला.

“सर, विमान रद्द झाल्यामुळे तुमचा खोळंबा झाला. त्याबद्दल मी माफी मागते. आता पुढचं सांगते, ते ऐका.”

“ऐकू काय? दुसरं विमान आहे की नाही?”

“आहे. चार वाजून दहा मिनिटांनी. वीस जागा आहेत. आधी लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी. बाकीच्यांना उद्या सकाळी सातचं.”

“आणि तोपर्यंत म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे? माझ्या डोक्यावर?”

“डावीकडची खोली उघडून दिली आहे. जेवणाची चिठ्ठी याच काउंटरवर मिळेल.”

“आणि ज्याला जायचंच नाही त्याने?”

“पलीकडच्या खिडकीत अर्ज आहे. पैसे परत मिळतील.”

कारकून एकेक प्रश्न विचारत गेले आणि ती एकेक उत्तर देत गेली, आणि ते ऐकून मागची माणसं एकेक करून डाव्या खोलीकडे, पलीकडच्या खिडकीकडे सरकत गेली. काम केव्हाच झालं होतं. पण कारकुनांच्या अंगात आता बादलीवाली बाई पुरती संचारली होती. तिची सगळी वर्षं बाकी होती. “आम्ही काय माणसं नाही? आम्हाला तहान नाही?” असं विमानाशी काही संबंध नसलेलं काहीतरी म्हणत त्यांनी पुन्हा हात आपटला. काउंटरवर ‘आपली सेवा हाच आमचा आनंद’ असं लिहिलेली काचेची पाटी होती. ती खाली पडून फुटली.

दोन सुरक्षा रक्षक आले. त्यांनी कारकुनांना दोन्ही दंडांना धरून एका लहान खोलीत नेलं. तिथे टेबलामागे एक अधिकारी होता. त्याच्यापुढे गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांसाठीचा छापील फॉर्म होता.

“का ओरडलात?”

खरं कारण सांगावं, तर पुटपुटीची सगळी उत्तरं पढवलेली ठरत होती. कारकून म्हणाले, “राग आला.”

“एवढा?”

“साठलेला होता.”

अधिकाऱ्याने पुटपुटीला बोलावलं आणि विचारलं, “या गृहस्थांनी तुमच्याशी गैरवर्तन केलं?”

तिने कारकुनांकडे पाहिलं. लेखी गोष्टीत खोटं लिहायचं नाही, हाही मॅडमचा एक नियम होता. “काउंटरवर हात आपटला, पाटी फोडली, आवाज चढवला,” ती म्हणाली. “पण एकही वाईट शब्द बोलले नाहीत, हेसुद्धा लिहा.”

“मोठ्याने बोलता हो तुम्ही,” अधिकारी कौतुकाने म्हणाला. “घाबरला नाहीत?”

“प्रशिक्षण झालंय,” ती म्हणाली, आणि तिने सही केली.

निकाल असा लागला, की कारकुनांना त्या दिवशी आणि पुढचा महिनाभर त्या कंपनीच्या विमानात बसता येणार नाही. पाटीची किंमत माफ झाली. बूटवाल्याचं चित्रीकरण पाहून वरचे साहेब पुटपुटीवर इतके खूश झाले, की तीन महिने पुरे व्हायच्या आतच तिला काउंटरवर कायम केलं. चित्रीकरणात कारकूनही छान दिसत होते. साहेब म्हणाले, अशा माणसांना घराबाहेर सोडतात कसं?

कारकून खोलीतून बाहेर आले तेव्हा बायको बाहेरच्या खुर्चीत, हातात त्यांचा चष्मा धरून बसलेली होती. तिने चष्मा दिला नाही.

“कॉलेजात हे शिकवता होय तुम्ही?”

“हो.”

“हेच? आणखी काही नाही?”

“हेच. ती पोरगी माझी विद्यार्थिनी आहे. तिला जरा...”

“ते कळलं मला. मी काय आंधळी आहे? चष्मा तुमचा आहे.” बायकोने चष्म्याच्या काड्या मिटल्या. कारकुनांना वाटलं, आता पाटीबद्दल बोलेल, चारचौघांत गेलेल्या अब्रूबद्दल बोलेल. ती म्हणाली, “चौतीस वर्षं मी एकटीच भांडत आलेय. मला वाटायचं, या माणसाला आवाजच नाही, त्याला काय बोलायचं. होता की! होता, आणि मला सोडून सगळ्यांना दिलात.”

कारकुनांच्या पोटात एवढी माणसं होती, पण या तक्रारीला काय म्हणायचं हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

चष्मा त्यांच्या हातात ठेवून बायको चारच्या विमानाने एकटीच गेली. नातीला पाहायचं तिने काही केल्या पुढे ढकललं नसतं. कारकून काचेपलीकडून हाका मारत, खुणा करून डावीकडे, उजवीकडे, ओळखपत्र, असं सांगत राहिले. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. रांगेतल्या एका बाईला विचारून ती बरोबर दारापाशी गेली. विमान उडालं तेव्हा कारकून बस स्थानकावर रांगेत उभे होते.

बसने सतरा तास लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते मुलीच्या घरी पोहोचले, अंग आंबलेलं, डोळे तारवटलेले. दार बायकोनेच उघडलं. तिने जावयाचा ढगळ सदरा घातला होता.

“आणलीत का माझी बॅग?” ती म्हणाली. “काल संध्याकाळपासून मी या सदऱ्यात आहे. उघडून बघते तर आत तुमचे बनियन! दोन बॅगा एकसारख्या घेऊ नका म्हणून मी दुकानातच सांगत होते. पण ऐकतंय कोण? आणि निघताना एकदा बघायला काय झालं होतं?”

कारकुनांनी हातातली बॅग खाली ठेवली. सतरा तास तेही बायकोच्या कपड्यांची बॅग मांडीवर घेऊन एकाच शर्टात बसले होते. नेहमीप्रमाणे त्यांनी मान खाली घातली. मग ती वर केली.

“मी बघायचं? बॅग उचलून तू निघालीस, का मी? मला तर दोघांनी धरून नेलं होतं!”

“मला विचारायचं होतंत!”

“काचेतून? घसा फुटेस्तोवर हाक मारली मी. वळून तरी पाहिलंस का?”

“का वळायचं?”

“वळायचं! माणूस सोडायला आलंय म्हटल्यावर वळायचं असतं!”

यात बादलीवाली बाई नव्हती, वकील नव्हते, कोणीच नव्हतं. शब्द अडखळत होते, वाक्यं अर्धवट राहत होती, आणि मॅडमनी ऐकलं असतं तर या भांडणाला काठावर पास करण्याइतकेही गुण दिले नसते. आतून मुलगी तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन धावत आली. बाबांचा एवढा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

“आई, काय झालं? बाबांना बरं नाहीये का?”

“तू आत जा बघू,” तिची आई म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते आणि ढगळ सदऱ्याच्या बाह्या तिने कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. “आमचं बोलणं चाललंय. हं, बोला तुम्ही. वळण्याबद्दल काय म्हणत होतात?”